पैसे भरले, मग पाणी कुठाय?

वाघोलीतल्या कुठल्याही सोसायटीचा व्हॉट्सअॅप ग्रुप उघडा. उन्हाळ्यात टँकर उशिरा आला, पावसाळ्यात रस्त्यावर गुडघाभर पाणी साचलं, केसनंद फाट्यावर गाड्या तासभर अडकल्या, की एक वाक्य हमखास येतं : ‘आपण पैसे भरलेत.’ त्याखाली पटापट अंगठे उमटतात. पुढे कुणीतरी हिशोब मांडतं. मुद्रांक शुल्क भरलं, जीएसटी भरला, बिल्डरने महापालिकेला का पीएमआरडीएला जे काही भरलं तेही आपल्याच खिशातून गेलं. मग पाणी कुठाय?

राग खरा आहे आणि वाक्यही खोटं नाही. पण त्या वाक्यातून नेमकं काय सिद्ध होतं? पैसे भरल्यामुळे पाण्याचा हक्क मिळतो का? मिळत असेल, तर ज्याने भरले नाहीत त्याचं काय? आणि मिळत नसेल, तर पैसे घेणारा सुटला का? नागरी सुविधांच्या तक्रारीखाली नीतीचा एक जुना प्रश्न दडलेला आहे. तो सोडवल्याशिवाय आपलं भांडण चुकीच्या खिडकीवर चालू राहील, असं मला वाटतं.

हे पैसे नेमके कसले?

महाराष्ट्रात बांधकामाची परवानगी घेताना विकास शुल्क भरावं लागतं. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्यात १९९२ साली एक वेगळं प्रकरण जोडून ही आकारणी आणली गेली. त्यामागचा विचार साधा आहे. जिथे काल ज्वारी होती तिथे उद्या चारशे कुटुंबं राहणार असतील, तर तिथे जलवाहिनी, ड्रेनेज, रस्ता, दिवे लागणार. तो खर्च आधीपासून राहणाऱ्यांनीच का सोसावा? ज्याच्यामुळे भार वाढतो त्यानेही काही उचलावं.

दर रेडी रेकनरमधल्या जमिनीच्या किमतीवर ठरतो. निवासी वापरासाठी मूळ दर जमिनीच्या विकासाला अर्धा टक्का आणि बांधकामाला दोन टक्के. मेट्रोसारख्या वाहतूक प्रकल्पांसाठी तो वाढवायची तरतूद नंतर आली. आता एक काल्पनिक गणित करू. जमिनीचा दर चौरस मीटरला १५ हजार रुपये धरा आणि फ्लॅटचं बांधकाम ७० चौरस मीटर. दोन टक्क्यांनी बांधकामाचे होतात २१ हजार रुपये. जमिनीच्या वाट्याचे आणखी काही हजार मिळवा. म्हणजे साधारण पंचवीस हजार. दर दुप्पट केला तरी पन्नास हजार.

याशिवाय बिल्डर जादा चटई क्षेत्रासाठी प्रीमियम भरतो, आणि तो मोठा असतो. पण ती जादा मजले चढवायच्या परवानगीची किंमत आहे, आणि तिच्यातला वाटा राज्य सरकारकडेही जातो. जानेवारी २०२१ मध्ये राज्य सरकारने हे प्रीमियम वर्षअखेरपर्यंत निम्मे केले. अट अशी की सवलत घेणाऱ्या बिल्डरने ग्राहकाचं मुद्रांक शुल्क स्वतः भरायचं. मंदीत घरं विकली जावीत हा हेतू. पण ज्या पैशातून शहराच्या सोयी उभ्या राहायच्या, तो सवलतीसाठी पहिला हाताशी आला, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

म्हणजे आपल्या वाक्यात पहिली भेग इथेच आहे. साठ-सत्तर लाखांच्या फ्लॅटमध्ये ‘सोयींसाठी’ म्हणून थेट गेलेली रक्कम ही एवढीच. तेवढ्यात धरणापासून नळापर्यंतचा आपला वाटा, मैलापाणी शुद्धीकरण केंद्र आणि रुंद रस्ता बसत नाही. आपण भरलेत, हे खरं. आपण सगळं भरलंय, हे मात्र खरं नाही.

खिडकी बदलली, पावती तीच

वाघोलीची गंमत, किंवा शोकांतिका म्हणा, अशी की पैसे घेणारी आणि सेवा देणारी खिडकी इथे एक राहिलीच नाही. पिलाजी जाधवरावांचं आणि वाघेश्वराचं हे गाव, पुढे दगडखाणींसाठी ओळखलं जाऊ लागलं. नगर रस्त्यावर आयटी आली आणि गावाभोवती इमारती उठल्या, तेव्हा कारभार ग्रामपंचायतीकडे होता. परवानग्या जिल्हा प्रशासनाकडून मिळत. ३१ मार्च २०१५ ला पीएमआरडीए स्थापन झालं आणि परवानग्या तिकडे गेल्या, शुल्कही तिकडे गेलं. ३० जून २०२१ ला वाघोलीसह २३ गावं पुणे महापालिकेत आली. पाठोपाठ जुलै २०२१ मध्ये राज्य सरकारने याच २३ गावांसाठी विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून पीएमआरडीएला नेमलं.

परिणाम काय झाला? पाणी, कचरा, ड्रेनेज, दिवे ही अपेक्षा महापालिकेकडून. नियोजन आणि त्यासोबत येणारं उत्पन्न मात्र दुसऱ्या संस्थेकडे. महापालिकेने म्हणायचं, पैसे आमच्याकडे आलेच नाहीत. पीएमआरडीएने म्हणायचं, गाव आता महापालिकेत आहे. दोघांचंही बोलणं आपापल्या कागदावर बरोबर. मधल्या मध्ये राहणारा माणूस टँकरचा नंबर शोधतोय.

माझ्या कामात जुनी सिस्टिम बंद करून नवी आणताना एक नियम कुणाला शिकवावाही लागत नाही. जुन्या सिस्टिममध्ये ज्यांनी पैसे भरलेत पण माल मिळालेला नाही, त्या सगळ्या ऑर्डर आधी नव्या सिस्टिममध्ये न्यायच्या. नावं आणि पत्ते आणले आणि अर्धवट ऑर्डर मागे सोडल्या, तर त्याला कुणी स्थलांतर म्हणणार नाही. गावांच्या समावेशात लोक आले, मिळकतकराची खाती आली. मग त्या गावांतून घेतलेल्या विकास शुल्कामागची अर्धवट कामं कुणाच्या यादीत गेली? हा प्रश्न तांत्रिक वाटतो, पण आहे नैतिक : संस्था बदलली की वचन मरतं का?

शुल्क आणि कर यांतला फरक

भारतीय कायद्यात कर आणि शुल्क यांत फरक आहे. १९५४ साली शिरूर मठाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो स्पष्ट मांडला. कर सर्वांच्या भल्यासाठी सक्तीने घेतला जातो आणि त्याच्या बदल्यात अमुकच मिळेल असं कुणी म्हणत नाही. शुल्काच्या बदल्यात मात्र काही विशिष्ट सेवा अपेक्षित असते. (मठ कर्नाटकातल्या उडुपीजवळचा. आपल्या जिल्ह्यातल्या शिरूरशी त्याचा संबंध नाही.) पुढच्या निकालांत न्यायालयाने ही गाठ बरीच सैल केली. रुपयाला रुपया असा हिशोब लागणं गरजेचं नाही, घेतलेले पैसे आणि दिलेली सेवा यांत ढोबळ नातं असलं तरी पुरे.

अमेरिकेत याच प्रश्नावर २०२४ च्या एप्रिलमध्ये एक निकाल आला. कॅलिफोर्नियातल्या एल डोराडो काउंटीत जॉर्ज शीट्झ नावाच्या माणसाला स्वतःच्या जागेवर तयार साच्याचं छोटं घर बसवायचं होतं. काउंटीने रस्त्यांवर पडणाऱ्या भारापोटी २३,४२० डॉलर मागितले. त्याच्या एका घरामुळे रस्त्यावर किती भार येतो, याचा वेगळा हिशोब न करता, ठरलेल्या दरपत्रकानुसार. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं की दरपत्रक कायदेमंडळाने केलं आहे म्हणून ते घटनात्मक कसोटीतून सुटत नाही. घेतलेला पैसा आणि पडलेला भार यांचं नातं आहे का आणि ते प्रमाणात आहे का, हे विचारता येतं.

हे वाचून वाघोलीकराला हुरूप येईल. पण एक अडचण आहे. शीट्झने स्वतः पैसे भरले आणि घरही त्याचंच होतं. आपल्याकडे भरतो बिल्डर. इमारत पूर्ण झाली, सोसायटी झाली, की तो पुढच्या साइटवर जातो. ज्याच्या नावाची पावती आहे त्याला पाणी नकोय. ज्याला पाणी हवंय त्याच्या नावाची पावती नाही. त्यामुळे ‘भरणाऱ्याचा हक्क’ या पायावर उभं राहिलं की पहिल्याच धक्क्याला पाय डगमगतो.

ज्यांनी भरले नाहीत ते

याहून खोल अडचण दुसरीच आहे. आपली पिढी अॅपवर वाढली. पैसे गेले, डिलिव्हरी आली नाही, तर रिफंड. ही सवय चांगलीच आहे, तिने दुकानदारांचा माज उतरवला. पण शहराला ती लावली की विचित्र निष्कर्ष निघतात.

वाघोलीत गावठाणातली जुनी घरं आहेत. त्यांनी विकास शुल्क कधी भरलं नाही. एक-दोन गुंठ्यांवर विनापरवाना बांधलेली घरं आहेत, त्यांनीही नाही. भाडेकरू आहेत. आणि इमारती बांधणारे मजूर आहेत. डिसेंबर २०२४ मध्ये केसनंद फाट्याजवळ मध्यरात्री एक डंपर फूटपाथवर झोपलेल्या माणसांवर चढला. तिघांचा जीव गेला, त्यांत दोन लहान मुलं होती. ही माणसं अमरावतीहून कामाच्या शोधात आली होती. जिथे विकास शुल्क गोळा होतं, जिथे त्यांच्याच हातांनी भिंती चढतात, तिथे रात्री पाठ टेकायला त्यांच्या वाट्याला फूटपाथ आला. पैसे भरल्याने हक्क मिळतो हे तत्त्व मान्य केलं, तर त्यांचा इथे काहीच हक्क नव्हता असं म्हणावं लागेल. ते कुणी म्हणू धजणार नाही. मग तत्त्वातच काहीतरी चुकलंय.

आता नजर शहराच्या दुसऱ्या टोकाला नेऊ. अठराव्या शतकाच्या मध्यावर नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून भुयारी नळाने पाणी पुण्यात आलं आणि पेठांतल्या हौदांत पडलं. खर्च सरकारी खजिन्याचा, आणि खजिना भरायचा कुठून, तर लांबलांबच्या गावांच्या साऱ्यातून. पुढे खडकवासल्याचं धरण ब्रिटिश सरकारने बांधलं. अगदी अलीकडे, जून २०१७ मध्ये, महापालिकेने समान पाणीपुरवठा योजनेसाठी २०० कोटींचे कर्जरोखे ७.५९ टक्के व्याजाने काढले. ते कर्ज शहराची पुढची वर्षं फेडणार. म्हणजे आतल्या पुण्याला पाणी मिळालं ते कधी राजाच्या खजिन्यातून, कधी साम्राज्याच्या, कधी उद्याच्या उत्पन्नातून. पेठेतल्या कुणाला ‘आधी पैसे, मग पाणी’ असं सांगितलं गेलं नव्हतं. उशिरा आलेल्यांनाच ते सांगितलं जातंय.

आणि पाणी तरी कुणाचं? नगर रस्त्याच्या पूर्व भागासाठी भामा आसखेड योजना १ जानेवारी २०२१ ला सुरू झाली. धरण खेड तालुक्यात. तिथल्या धरणग्रस्तांनी पुनर्वसनासाठी वर्षानुवर्षं आंदोलनं केली, जलवाहिनीचं काम अनेकदा थांबवलं. मोजमाप ‘कुणी किती दिलं’ याचंच करायचं असेल, तर ज्यांनी जमीन दिली त्यांचा नंबर आपल्या पंचवीस हजारांच्या बराच आधी लागतो.

मग शुल्क घ्यावंच कशाला?

पाण्याचा हक्क पैशातून येत नसेल, तर विकास शुल्क रद्द करावं का? मला तसं वाटत नाही. शेतजमिनीला निवासी परवानगी मिळते त्या दिवशी तिची किंमत वाढते. ही वाढ जमीनमालकाच्या किंवा बिल्डरच्या घामातून आलेली नसते. ती सार्वजनिक निर्णयातून येते : आराखड्यातली एक रेघ, शेजारून जाणारा रस्ता, जवळ आलेलं शहर. सगळ्यांच्या निर्णयाने तयार झालेल्या त्या किमतीतला एक भाग सगळ्यांसाठी परत घेणं न्याय्यच आहे. शुल्काचा खरा आधार हा आहे. ते पाण्याचं आगाऊ बिल नाही.

पण इथूनच प्रश्नाची दुसरी बाजू सुरू होते. ‘कुणाला मिळालं पाहिजे’ आणि ‘कुणी दिलं पाहिजे’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि आपण ते एकाच वाक्यात कोंबतो. पहिल्याचं उत्तर पावतीवर नाही. इथे माणसं राहतात, एवढं कारण पुरेसं आहे. दुसऱ्याचं उत्तर मात्र पावतीवरच आहे. ज्याने अमुक कामाच्या नावाने पैसे घेतले त्याच्यावर ते काम करायचं बंधन आलं. हक्क भरण्यातून येत नाही, पण देणं घेण्यातून नक्की येतं.

आपल्याच राज्यात यासाठी एक चांगला आरसा आहे. रेरा कायद्यानुसार बिल्डरला ग्राहकांकडून आलेल्या पैशांतले ७० टक्के त्या प्रकल्पाच्या स्वतंत्र खात्यात ठेवावे लागतात आणि ते त्याच प्रकल्पाच्या जमिनीवर व बांधकामावर खर्च करावे लागतात. वाघोलीत पैसे घ्यायचे आणि हिंजवडीत जमीन घ्यायची, ही जुनी चाल बंद व्हावी म्हणून. आता हीच कसोटी प्राधिकरणाला लावून पाहा. विकास शुल्क सोयींसाठी वापरायचं हे कायदा सांगतो, पण सोयी प्राधिकरणाच्या संपूर्ण हद्दीतल्या. वाघोलीतून आलेले पैसे हिंजवडीत खर्च झाले तर त्यात बेकायदा काही नाही. म्हणजे खासगी माणसावर आपण जो अविश्वास दाखवला, तो सार्वजनिक संस्थेच्या बाबतीत दाखवला नाही.

यावर एक रास्त आक्षेप आहे. सगळे पैसे जिथून आले तिथेच खर्च करायचे ठरवलं, तर श्रीमंत भाग आणखी श्रीमंत होईल. जिथे इमारती उठत नाहीत त्या गावाला रस्ता कधीच मिळणार नाही. आक्षेप खरा आहे. एका गावचा पैसा दुसऱ्या गरजू गावाला देणं चांगलंच. पण ते ठरवून, सांगून, हिशोब दाखवून केलं तर त्याला वाटप म्हणता येतं. कुठून किती आले आणि कुठे किती गेले हे कुणालाच सहज दिसत नसेल, तर तिथे न्याय झाला की अन्याय, हे सांगायचीही सोय उरत नाही.

इंग्लंडने यावर एक मध्यम मार्ग काढला आहे. तिथे नव्या बांधकामावरच्या पायाभूत आकारणीतला १५ टक्के वाटा ज्या वस्तीत बांधकाम झालं तिथल्या पॅरिश कौन्सिलकडे जातो. वस्तीने स्वतःचा आराखडा मंजूर करून घेतला असेल तर २५ टक्के. उरलेला पैसा मोठ्या कामांना. स्थानिक प्राधिकरणांना दरवर्षी जमा-खर्चाचं निवेदनही प्रसिद्ध करावं लागतं. तिथे सगळं आलबेल आहे असं नाही. पण ‘आमच्या नावाचं कुठंय?’ या प्रश्नाला निदान एक आकडा मिळतो.

‘माहीत असून घेतलंत ना?’

सगळ्यात टोचणारा युक्तिवाद राहिलाच. पाणी नाही हे माहीत होतं, म्हणूनच फ्लॅट स्वस्त मिळाला. शिवाय महापालिकेचं पाणी येईपर्यंत पाण्याची सोय आम्ही करू, असं बिल्डरचं हमीपत्र असतं. खरेदीदारही कराराच्या शंभर पानांवर सह्या करतो. मग तक्रार कसली?

संमती मोठी गोष्ट आहे, मी ती उडवून लावत नाही. खरेदीदार आणि बिल्डर यांच्यातलं भांडण ती बऱ्याच अंशी मिटवते. पण परवानगी देणाऱ्या संस्थेला ती सोडवत नाही. बांधकामाची परवानगी आणि मग भोगवटापत्र देणं म्हणजे ‘इथे माणूस राहू शकतो’ असं सार्वजनिक विधान करणं. ते विधान खरं ठेवायची जबाबदारी ते करणाऱ्यावर असते. ग्राहकाच्या सहीने ती फिटत नाही. शिवाय सही न केलेलेही परिणाम भोगतातच. फ्लॅटमध्ये जन्मलेलं मूल, भाडेकरू, आणि शेजारच्या सोसायटीने आणखी खोल बोअर घेतल्यावर ज्याची विहीर आटली तो गावकरी. यांच्या वतीने सही कुणी केली?

न्यायालयांनाही हे दिसतं. पाण्याअभावी बाणेर-बालेवाडीतल्या नव्या बांधकाम परवानग्यांना मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये लगाम घातला होता. पुढे वाघोलीसह पुणे परिसरातल्या सोसायट्यांच्या संघटनाही पाण्यासाठी त्याच न्यायालयात गेल्या. परवानगी आधी आणि पाणी नंतर हा क्रमच तपासायला हवा. शुल्क घेऊन परवानगी देता येते, पण पाणी कधी आणि कुठून येणार हे सांगता येत नसेल, तर ते शुल्क वचनाचं राहत नाही. ते प्रवेशाचं तिकीट होतं, आणि आत खेळ चालू आहे की नाही हे आपलं आपण बघायचं.

क्रियापद बदलू या

म्हणून मला सुचवायची गोष्ट फार मोठी नाही. ‘आम्ही पैसे भरलेत’ ऐवजी ‘तुम्ही पैसे घेतलेत’ असं म्हणू या.

पहिल्या वाक्यात आपण ग्राहक असतो. तिथे गावठाण, गुंठेवारी आणि मजूर आपले प्रतिस्पर्धी होतात, फुकटे ठरतात. दुसऱ्या वाक्यात वाघोली नावाची जागा देणेकरी संस्थेसमोर उभी राहते, आणि त्या जागेवर राहणारा प्रत्येक जण त्या बाजूने बोलू शकतो, मग त्याच्याकडे पावती असो वा नसो. पहिल्या वाक्याला ‘तुम्ही भरलं त्यात एवढंच येतं’ असं उत्तर देता येतं. दुसऱ्याला देता येत नाही, कारण त्यात रकमेचा दावा नाही, हिशोबाचा आहे. आणि हद्द बदलली, फलक बदलला, तरी घेतलेलं देणं नव्या वहीत उतरवावंच लागतं. किराणा दुकान मुलाच्या नावावर झालं म्हणून बापाची उधारी बुडत नाही, हे प्रत्येक गावाला कळतं.

हे वाक्य ग्रुपवर टाकण्यापेक्षा माहिती अधिकाराच्या अर्जात जास्त कामाचं आहे. २०१५ पासून वाघोलीच्या हद्दीतल्या परवानग्यांपोटी किती विकास शुल्क जमा झालं, त्यातलं किती वाघोलीत खर्च झालं, उरलेलं आता कोणत्या संस्थेच्या खात्यात आहे आणि कोणत्या कामासाठी : एवढे चार प्रश्न. अर्जाचं शुल्क दहा रुपये. उत्तर मुदतीत येईल याची खात्री नाही, पण निदान प्रश्न योग्य खिडकीवर जाईल. आणि तो आपल्या सोसायटीच्या नावाने न जाता वाघोलीच्या नावाने गेला, तर टँकर न परवडणाऱ्यांचाही होईल.